वानर, पतंग आणि हेर्लेकर सर

हेर्लेकर सरांना लग्न करायचं होतं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं वाचताना कुणालाही वाटेल की लग्न होऊ नये म्हणून या माणसाने कंबर कसली होती. तसं अजिबात नव्हतं. त्यांना बायको हवी होती, अगदी मनापासून हवी होती. फक्त ती त्यांच्या परीक्षेत पास झालेली हवी होती.

यज्ञेश्वर नरहर हेर्लेकर, बी.एस्सी., बी.टी. कोल्हापुरातल्या आमच्या मुलींच्या हायस्कुलात ते शास्त्र शिकवत आणि मी चित्रकला. अंगकाठी बारीक, चालणं ताठ, बुशशर्टाच्या खिशात पेनाशेजारी खडू. त्या खडूने खिशावर कायमचा पांढरा डाग पडला होता आणि सरांना तो मानाचा बिल्ला वाटत असावा, कारण तो ते कधी झटकत नसत. आवाज खणखणीत. वर्गात शिरले की पहिलं काम म्हणजे फळ्याच्या मधोमध वरपासून खालपर्यंत एक उभी रेघ. पट्टी न लावता अशी सरळ रेघ मला, चित्रकलेच्या शिक्षिकेला, आजही येत नाही. तेवढं त्यांचं मी मानते.

रेघ मारली की वर लिहायचे, 'फरक स्पष्ट करा.' तेवढ्यासाठीच ते जन्माला आले होते. जगातल्या कुठल्याही दोन गोष्टी त्यांच्यापुढे ठेवा, ते दहा मुद्दे काढून देत. नऊ नाहीत, अकरा नाहीत. गाय आणि म्हैस, दहा मुद्दे. पंचगंगा आणि रंकाळा, दहा मुद्दे. एकदा स्टाफरूममध्ये कुणीतरी चेष्टेने तांबडा रस्सा आणि पांढरा रस्सा यांतला फरक विचारला. सरांच्या घराण्यात मटणाचा वाससुद्धा कुणी घेतलेला नव्हता. तरीही मधली सुट्टी संपायच्या आत त्यांनी दहा मुद्दे सांगून संपवले आणि वर विचारलं, "काही शंका?"

पण त्यांचा खरा जीव होता तो वानर आणि पतंग या जोडीवर. ही जोडी कुठून आली तेही सांगते. आमच्या शाळेत प्राण्यांचे नमुने ठेवायला एक मोठं काचेचं कपाट होतं आणि त्यात नमुने होते दोन. एक पेंढा भरलेलं काळ्या तोंडाचं वानर. संस्थानी काळात कुणा शिकारी सरदाराने, बहुधा घरात बायको ते ठेवू देईना म्हणून, शाळेला भेट दिलेलं. त्याचा एक काचेचा डोळा कधीतरी पडून हरवला, तेव्हा आमचा शिपाई केरबा याने तिथे निळी गोटी बसवली. त्यामुळे ते वानर एका डोळ्याने रागावलेलं आणि दुसऱ्या डोळ्याने चकित झालेलं दिसे. दुसरा नमुना म्हणजे पेटीत टाचणीने टोचलेला ॲटलास पतंग. दाजीपूरच्या रानातला. दोन्ही तळवे शेजारी शेजारी पसरावेत एवढा मोठा, विटकरी रंगाचा, पंखांच्या टोकांना सापाच्या फण्यासारखा आकार. इतकं देखणं काही त्या शाळेत दुसरं नव्हतं, माणसं धरून.

दोनच नमुने, म्हणून प्रात्यक्षिक परीक्षेला एकच प्रश्न, 'वानर आणि पतंग यांतील फरक स्पष्ट करा.' वर्षानुवर्षं तोच. केरबा कपाट पुसताना म्हणायचा, "सर, ह्या पोरींस्नी दुसरं कायतरी दावा की. ह्ये वानार बी कटाळलंय."

"वानर कंटाळत नाही, केरबा," सर म्हणत. "ते मृत आहे."

"व्हय. तरी बी कटाळल्यागत दिसतंय बगा."

शाळेपुरतं हे ठीक होतं. पण वय लग्नाचं झालं आणि सर मुली बघायला निघाले, तेव्हा त्यांनी हाच प्रश्न बरोबर घेतला. त्यांचं म्हणणं असं की स्वयंपाक येतो का, गाणं येतं का, हे विचारण्यात काही अर्थ नाही, मुली खोटं सांगतात. विचारशक्ती तपासली पाहिजे. आणि वानर व पतंग ही जोडी कुठल्याही गाइडात नसल्यामुळे उत्तर डोक्यातूनच काढावं लागतं. दहापैकी सहा मुद्दे आले तर मुलगी पास.

हे मला इतकं नेमकं ठाऊक आहे, कारण त्यांनी मला चार मुद्द्यांवर नापास केलं.

पासष्ट साल. मंगळवार पेठेतलं आमचं घर. मी चित्रकलेचा कोर्स संपवून बसले होते आणि आईने माझ्या हातात पोह्यांचा ट्रे दिला होता. समोर सर, त्यांच्या आई, म्हणजे माई, आणि मध्यस्थ. सरांनी पोहे खाल्ले, रुमालाने बोटं पुसली आणि विचारलं, "वानर आणि पतंग यांतील फरक सांगा."

आमच्या वडिलांना वाटलं, पाहुण्यांना बरं वाटत नाहीये. त्यांनी पंखा वाढवला.

मी सांगितलं, एकाला शेपूट असते, एकाला पंख असतात. एकाचे पाय चार, एकाचे सहा. एक पिल्लं घालतं, एक अंडी. एक दिवसा हिंडतं, एक रात्री. सर प्रत्येक मुद्द्याला एक बोट मिटत होते. चार बोटं मिटली आणि मी अडकले. मग मला जे खरंच सुचलं ते मी बोलले, "पतंग काढायला सोपा असतो. एक बाजू काढली की दुसरी तशीच काढायची. वानराचं तसं नाही, ते दर खेपेला वेगळं बसतं."

सरांनी चार मिटलेली बोटं माझ्याकडे अशी धरली की जणू पाचवं मी चोरलं होतं. "हा मुद्दा विषयाला धरून नाही," ते म्हणाले. दोन दिवसांनी मध्यस्थाकरवी निरोप आला, मुलगी चांगली आहे, पण विचाराला शिस्त नाही.

मला राग आला होता का? आला होता. अजूनही येतो. बावीस वर्षांच्या मुलीला नवी साडी नेसवून, डोक्यात गजरा माळून बसवायचं आणि एका मेलेल्या वानराच्या पायांवरून तिचा निकाल लावायचा, याला काय म्हणायचं? पुढे माझं लग्न एसटीत असलेल्या गणपतरावांशी झालं. त्यांनी बघायला आल्यावर एकच प्रश्न विचारला, "तुमच्याकडे आमटीत गूळ घालतात का?" मी नाही म्हटलं. ते म्हणाले, "सुटलो." संसार चाललाय.

लग्नानंतर वर्षभरात मला नोकरी लागली ती नेमकी हेर्लेकर सरांच्याच शाळेत. पहिल्या दिवशी स्टाफरूममध्ये त्यांनी माझ्याकडे निरखून बघितलं आणि म्हणाले, "आपण पूर्वी भेटलोय. चार मुद्दे." आणि लगेच पुढे, "मला एक मोठा तक्ता काढून हवाय. डावीकडे वानर, उजवीकडे पतंग, मध्ये उभी रेघ." मी काढला. पतंग छान उतरला. वानराचा चेहरा मात्र मुलींच्या मते हुबेहूब सरांसारखा आला. मी मुद्दाम केलं नव्हतं. हात तसा चालला. सरांनी तक्ता बघून समाधानाने मान हलवली आणि तो प्रयोगशाळेत स्वतःच्या खुर्चीच्या मागेच टांगला. त्यामुळे तुलना करणं सगळ्यांना आणखी सोपं झालं.

एवढा सगळा मुद्देसूद माणूस, पण दुपारी तीनच्या चहाला त्याचा मुद्दा सुटायचा. चहाबरोबर केरबा बेकरीतलं बटर आणायचा. आपलं ते गोल, कडक, जिऱ्याचं, दाताने फोडायला जावं तर दातच फुटेल असं. सर कप घेऊन खिडकीशी जात, आमच्याकडे पाठ करत आणि बटर चहात बुडवून खात. शिक्षकाने चारचौघांत असं बुडवून खाणं बरं दिसत नाही, असं त्यांचं मत होतं. माईनेही लहानपणी त्यावरून धपाटे घातले होते म्हणे. पण सवय काही सुटली नव्हती. खिडकीच्या काचेत त्यांचा चेहरा दिसायचा. डोळे मिटलेले, गालांचा ताठा गेलेला. त्या वेळी ते चक्क कुणाचे तरी नवरे वाटायचे.

इकडे मुली बघणं चालूच होतं. पाच-सहा वर्षांत 'हेर्लेकरांचा प्रश्न' कोल्हापुरातल्या आमच्यातल्या सगळ्या घरांत माहीत झाला. हळदीकुंकवाला बायका वाण लुटताना कानात मुद्दे सांगायच्या. लेकीला पोहे शिकवता शिकवता आया वानराचं रक्त गरम आणि पतंगाचं थंड हे पाठ करून घ्यायच्या. दहावा मुद्दा कुणालाच ठाऊक नव्हता, तो मी शाळेत ऐकून बाहेर पोचवला. वानराला बत्तीस दात असतात आणि मोठ्या झालेल्या ॲटलास पतंगाला तोंडच नसतं. अळी असताना खाल्लेल्यावर तो चार दिवस जगतो, खात नाही, पीत नाही, आणि मरतो. हे ऐकून एक बाई म्हणाल्या, "मग सून म्हणून त्यालाच करून घ्या म्हणावं. खर्च नाही आणि उलट उत्तर नाही."

एवढी तयारी झाल्यावर शुक्रवार पेठेतल्या एका मुलीने सरांना दहाच्या दहा मुद्दे क्रमाने, न अडखळता म्हणून दाखवले. आम्हाला वाटलं, जमलं! सरांनी तिला नाकारलं. कारण काय? "पाठांतर आहे, आकलन नाही."

केरबाला हे कळलं तेव्हा तो हातातलं फडकं टाकून म्हणाला, "बाई, सर पोरगी बगाय जात्यात का पेपर तपासाय जात्यात? येत न्हाय तवा बी नापास, येतंय तवा बी नापास. ह्यांस्नी पास कराचंच न्हाय."

मग जे व्हायचं ते झालं. सरांनी चाळिशी गाठली. मुली शिकल्या, बँकेत, पोस्टात लागल्या आणि उलटे प्रश्न विचारायला लागल्या. पत्रिका येणं कमी झालं, मग थांबलं. रविवारी दुपारी सर इस्त्रीचा बुशशर्ट घालून, खिशात खडू ठेवून तयार बसत आणि कुणी बोलवायला येत नसे, हे माईनेच मला सांगितलं. म्हातारीला मोतीबिंदू झाला होता. ती एक दिवस रिक्षा करून आमच्या घरी आली आणि माझा हात धरून म्हणाली, "लीला, तूच बघ गं याचं काहीतरी. सून नुसती दिसली तरी पुरे, तीही अंधुक दिसेल. पण दिसू दे."

"माई, मला त्यांनी नाकारलंय," मी म्हटलं.

"म्हणून तर तुझ्याकडे आले. तुला त्याचे सगळे गुण माहीत आहेत."

आता यावर काय बोलणार? मी माझ्या ओळखीतली पद्मजा पुजारी सुचवली. मूळची कुरुंदवाडची, कोल्हापूरला टेलिफोन ऑफिसात ऑपरेटर, काकांकडे राहायची. वय बत्तीस. मोकळी, मोठ्याने हसणारी. दिवसभर कानाला यंत्र लावून इकडची वायर तिकडे जोडायची आणि संध्याकाळी कुणी कुणाशी भांडलं त्याच्या गोष्टी सांगायची. सरांना मी आधी बजावलं, "तो प्रश्न विचारायचा नाही."

"मग विचारायचं काय?" सर खरोखर गोंधळले होते.

"काही विचारू नका. बघा, बोला, चहा प्या."

त्यांनी वचन दिलं. शहात्तर सालचा जानेवारी होता. पद्मजाच्या काकांच्या बैठकीत आम्ही बसलो. सर, माई आणि मी. पद्मजा आली. ट्रे वगैरे काही नाही. टेबलावर चहा, भडंग आणि बटर आधीच मांडलेलं होतं. ती सरळ समोरच्या खुर्चीत बसली, म्हणाली, "घ्या की. गार होईल," आणि स्वतः एक बटर उचलून चहात बुडवलं. चांगलं दोन बोटं बुडवून, टपटप थेंब गळत असताना तोंडात टाकलं. तिच्या काकूने डोळे वटारले. तिने दुसरं बुडवलं.

मी सरांकडे बघितलं. सर तिच्या हाताकडे बघत होते. त्यांचा हात बशीपर्यंत गेला, बटराला लागला आणि परत आला. त्यांनी नुसता चहा प्यायला, घोट घोट, मुंबईहून आलेल्या साहेबासारखा.

पण माणूस बदलला होता, हे मला दिसत होतं. ते हसले. तिने एका गिऱ्हाइकाची गोष्ट सांगितली, बेळगावला फोन जोडून घ्यायचा आणि पलीकडून बायको बोलायला लागली की खाली ठेवायचा, तर सर मोठ्याने हसले. अकरा वर्षांत मी त्यांचं हसणं पहिल्यांदा ऐकलं. माई आवाजाच्या दिशेने मान वळवून बघायला लागली, की हा कोण बसलाय. घरी निघताना ते काय सांगणार हे मला आत्ताच कळत होतं. हीच. दुसरी नको.

आणि तेवढ्यात पद्मजाच म्हणाली, "तुमचा तो प्रश्न नाही विचारत?"

मी डोळ्यांनी तिला नको-नको केलं. ती माझ्याकडे बघतच नव्हती. "वानर आणि पतंग. माझ्या थोरल्या बहिणीला विचारला होता तुम्ही. तिला पाच आले. तिला आता दोन मुलगे आहेत."

सरांचा चेहरा उजळला. वचन त्यांनी मला दिलं होतं, पण प्रश्न तिने काढला होता. ते खुर्चीत पुढे सरकले. "सांगा!"

"ते ठरलेले दहा मुद्दे मला पाठ आहेत, ते नकोत. बघितलेलं सांगते," पद्मजा म्हणाली. "बिद्रीला माझ्या मामाचा मळा आहे. तिथे पेरूचं झाड. वानर येतं, वरच्या फांदीवर बसतं. एक पेरू तोडतं, चावा घेतं, टाकतं. दुसरा तोडतं, वास घेतं, टाकतं. तिसरा बरा असतो, पण चौथा आणखी चांगला असेल म्हणून तोही टाकतं. संध्याकाळपर्यंत झाडाखाली सगळे उष्टे पेरू. बत्तीस दात असून शेवटी ते उपाशीच उठून जातं."

"निरीक्षण उत्तम," सर म्हणाले. त्यांनी एक बोट मिटलं.

"त्याच मळ्यात एकदा कोषातून पतंगाची मादी बाहेर आली. तुमच्या कपाटात आहे तसली, मोठी. एका डहाळीला लटकून राहिली, हलली नाही. सकाळी बघतो तर तिच्याशेजारी नर. एवढ्या रानातून, अंधारात, नुसत्या वासावर आला. त्याला तोंड नसतं ना हो?"

"दहावा मुद्दा!" सर जवळजवळ उठलेच. "माई, दहावा मुद्दा! हा पाठ न करता कुणालाच येत नाही!"

"तोंड नाही म्हणून तो प्रश्न विचारत नाही," पद्मजा म्हणाली. "येतो."

बैठकीत सगळ्यांना कळलं. काकूने पदर तोंडाला लावला. माईलाही कळलं, तिने मान खाली घातली. कळलं नाही ते फक्त हेर्लेकर सरांना. ते कौतुकाने दोन्ही हातांची बोटं मिटून बसले होते, जणू तिला दहापैकी बारा देऊन टाकतील. मी ज्याची आयुष्यभर टिंगल केली तो हा माणूस, आणि त्या क्षणी मला त्याची इतकी दया आली की वाटलं, आता हिने गप्प बसावं आणि हो म्हणावं.

आणि सांगायची गोष्ट म्हणजे, तीही हो म्हणायच्या बेतात होती. हे तिने मला नंतर सांगितलं. त्यांचं ते हसणं तिला आवडलं होतं. म्हणूनच तिने त्यांना एक संधी दिली. म्हणाली, "आता मी एक विचारू? फरक झाले. साम्य सांगा."

"वानराचं आणि पतंगाचं?"

"नको. तुमचं आणि माझं. दहा नकोत, एक पुरे. एक सांगा, मी आत्ता हो म्हणते."

असा सोपा पेपर जगात कुणाला आला नसेल. उत्तर टेबलावर बशीत पडलेलं होतं. तिच्या बोटांना अजून चुरा लागलेला होता. मी सरांकडे बघून डोळे मोठे केले, बशीकडे मान केली, चमचा वाजवला, खोकले. सर छताकडे बघत होते. कपाळावर घाम आला होता. वीस वर्षं या माणसाने फळ्याच्या मध्ये रेघ मारली होती. दोन्ही बाजूंना सारखं काय असतं ते लिहायला त्यात जागाच नव्हती.

शेवटी त्यांना सुचलं. त्यांनी घसा साफ केला आणि आनंदाने सांगितलं, "आपण दोघेही सस्तन प्राणी आहोत."

पद्मजा त्यांच्याकडे बघत राहिली. मग हसली, पण मघासारखी नाही. "बरोबर आहे," म्हणाली, आणि कप उचलून आत गेली.

नकार दुसऱ्या दिवशी आला. सर शाळेत आले, रेघ मारली, शिकवलं. पण केरबाने मला बाजूला घेऊन सांगितलं, "बाई, सर चुकल्यात. आज त्येंनी वानराच्या खाली पतंगाचं लिवलं आनि पतंगाच्या खाली वानराचं. पोरींनी बी तसंच उतरून घेतलंय." त्या महिन्यात ते तीनच्या चहाला खिडकीशी गेले नाहीत. बटर बशीत तसंच पडून राहायचं, केरबा ते घरी न्यायचा.

होळीच्या सुमाराला एक दिवस मात्र ते तीन वाजता ताड ताड चालत स्टाफरूममध्ये आले. चेहरा पूर्वीसारखा तजेलदार. माझ्यासमोर खुर्ची ओढून बसले. "लीलाबाई, काढले! दहा साम्यं काढली. दोघांनाही प्राणवायू लागतो. दोघेही झाडाच्या आश्रयाने राहतात. दोघांनाही दोन डोळे..."

"कुणाला, सर?"

"वानराला आणि पतंगाला. पद्मजाबाईंना सांगा, उत्तर पूर्ण आहे. उशिरा दिलं म्हणून हवं तर गुण कापा म्हणावं."

तिने वानराचं नको म्हटलं होतं, हे त्यांच्या डोक्यात शिरलंच नव्हतं, की शिरलं होतं आणि सोसवत नव्हतं, मला ठाऊक नाही. एरवी मी त्यांना चांगलं फाडून खाल्लं असतं. जिभेवर आलंही होतं. पण समोर तो खडूचा डाग आणि वर ते आशाळभूत डोळे. मी सांगून टाकलं, "सर, पद्मजाचं जमलं. परवाच. इचलकरंजीचे नृसिंह दातार. सुताला खळ लावायच्या कारखान्यात मॅनेजर आहेत."

केरबा चहा ठेवून गेला, बरोबर बटर.

"त्यांनी काय विचारलं तिला?" सरांनी विचारलं. त्या आवाजात हेवा नव्हता. एका परीक्षकाने दुसऱ्याला विचारावं तसं विचारलं.

"काही नाही विचारलं."

"मग ठरलं कशावर?"

मला खोटं सांगता आलं असतं. पगार सांगता आला असता, बंगला सांगता आला असता, आणि सरांची रात्र सुखाने गेली असती. पण इतकी वर्षं मी याच माणसाच्या तोंडून ऐकत आले होते की उत्तर खरं द्यावं.

"तिने चहात बटर बुडवलं," मी म्हटलं. "त्यांनीही बुडवलं. त्यांचं कपात पडलं. तिने तिचा चमचा दिला काढायला. ते म्हणाले, माझं नेहमीच पडतं. ती म्हणाली, माझंही. झालं."

सरांनी समोरच्या बशीकडे बघितलं. मग माझ्याकडे.

"बटर तर मीसुद्धा बुडवून खातो."

"हो, सर."

"रोज खातो. लहानपणापासून. तिने बुडवलं तेव्हा माझ्या मनात आलं होतं, आपणही घ्यावं. पण म्हटलं, मुलगी बघायला आलोय, बरं दिसायचं नाही."

मला हसू यायला हवं होतं. सगळं कोल्हापूर हसलं असतं. मी कप दोन्ही हातांत धरून बसले.

"लीलाबाई," सर म्हणाले, "हा मुद्दा धरला असता तिने?"

"एकच मागितला होता तिने, सर," मी म्हटलं. "तो हाच."